ई-२ व्हिसा (दक्षिण कोरिया)

ई-२ व्हिसा हा परकीय भाषा शिकविण्यासाठी दक्षिण कोरियात येणाऱ्या परदेशी नागरिकांना दिला जाणारा व्हिसाचा प्रकार आहे. कोरियन भाषेत यास 'होएह्वा जिदो', म्हणजे 'संभाषण-अध्यापन', असे नाव आहे. चिनी, जपानी इत्यादी भाषांच्या शिक्षकांनाही हा व्हिसा मिळू शकतो; तथापि त्याचा सर्वाधिक वापर इंग्रजीच्या शिक्षकांसाठी होतो. व्हिसाचे नियम दक्षिण कोरियाचे न्याय मंत्रालय ठरविते.

पार्श्वभूमी

दक्षिण कोरियाच्या शिक्षणव्यवस्थेत इंग्रजीला मोठे महत्त्व आहे. १९९५ साली शासनाने 'एपिक' हा कार्यक्रम सुरू करून सरकारी शाळांत परदेशी शिक्षकांची नेमणूक करण्यास प्रारंभ केला. १९९७ पासून प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी हा विषय शिकविला जाऊ लागला. सरकारी शाळांबाहेर 'हागवॉन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खासगी शिकवणी-संस्थांचे जाळे देशभर पसरलेले असून, ई-२ व्हिसावर आलेले अनेक शिक्षक तेथे काम करतात. सरकारी शाळेत परदेशी शिक्षक सामान्यतः कोरियन सहशिक्षकाच्या जोडीने वर्ग घेतो. हागवॉनमध्ये तो बहुधा एकटाच शिकवितो.

पात्रता

इंग्रजी शिकविण्यासाठी अर्जदार अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा दक्षिण आफ्रिका या सात देशांपैकी एकाचा नागरिक असावा लागतो. भारतीयांसाठी वेगळी तरतूद आहे (पुढे पहा). अर्जदाराकडे कोणत्याही विषयातील पदवी असणे आवश्यक असते. 'एपिक'साठी याव्यतिरिक्त अध्यापनाचा परवाना, शिक्षणशास्त्रातील पदवी किंवा किमान १०० तासांचे इंग्रजी अध्यापनाचे प्रमाणपत्र यांपैकी एक पात्रता मागितली जाते.

पात्रतेची कसोटी भाषेच्या परीक्षेवर नसून नागरिकत्वावर आधारलेली आहे. त्यामुळे उत्तम इंग्रजी जाणणारी, परंतु यादीबाहेरील देशाची नागरिक असलेली व्यक्ती या व्हिसासाठी अपात्र ठरते.

आवश्यक कागदपत्रे

अर्जासोबत सामान्यतः पुढील कागदपत्रे द्यावी लागतात:

• वैध पारपत्र व छायाचित्रे
• नियोक्त्याबरोबर झालेला नोकरीचा करार
• पदवी प्रमाणपत्राची अपोस्टिल केलेली प्रत
• राष्ट्रीय पातळीवरील गुन्हे-नोंद तपासणीचे अपोस्टिल केलेले प्रमाणपत्र
• स्वतःच्या आरोग्याविषयीचे निवेदन

अपोस्टिल म्हणजे एका देशाचा सार्वजनिक दस्तऐवज दुसऱ्या देशात ग्राह्य ठरावा यासाठी १९६१ च्या हेग करारान्वये दिले जाणारे प्रमाणन होय. हा करार दक्षिण कोरियात १४ जुलै २००७ पासून लागू आहे. गुन्हे-नोंद प्रमाणपत्र केवळ राज्याच्या वा स्थानिक पोलिसांचे चालत नाही. अमेरिकन नागरिकांना ते एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेकडून घ्यावे लागते. ते अलीकडच्या काळात दिलेले असावे लागते. प्रमाणपत्र मिळविणे व त्यावर अपोस्टिल करून घेणे यांत बराच काळ जात असल्याने ही तयारी नोकरी शोधण्याबरोबरच सुरू केली जाते.

अर्जाची प्रक्रिया

१. अर्जदार प्रथम नोकरी मिळवून करारावर स्वाक्षरी करतो. करार नसल्यास या व्हिसासाठी अर्ज करता येत नाही.

२. मूळ कागदपत्रे कोरियातील नियोक्त्याकडे पाठविली जातात. नियोक्ता ती स्थानिक इमिग्रेशन कार्यालयात सादर करतो.

३. छाननीनंतर कार्यालय व्हिसा-मान्यता क्रमांक देते.

४. हा क्रमांक, पारपत्र व अर्ज घेऊन अर्जदार कोरियाच्या वकिलातीत व्हिसासाठी अर्ज करतो.

कोरियात पोहोचल्यावर ९० दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करणे बंधनकारक असते. त्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात, तसेच नेमून दिलेल्या रुग्णालयात वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. या तपासणीत अमली पदार्थांच्या चाचणीचा समावेश असतो.

अटी व निर्बंध

ई-२ व्हिसा विशिष्ट नियोक्त्याशी जोडलेला असतो. परवानगीवाचून दुसऱ्या संस्थेत शिकविणे किंवा खासगी शिकवण्या घेणे बेकायदेशीर आहे. तसे आढळल्यास दंड व हद्दपारी होऊ शकते. पर्यटक म्हणून प्रवेश करून शिकविणेही याच कारणाने बेकायदेशीर ठरते. नोकरी बदलल्यास इमिग्रेशन कार्यालयास कळवावे लागते. कराराची मुदत संपण्यापूर्वी नोकरी बदलायची असल्यास व्यवहारात पूर्वीच्या नियोक्त्याचे संमतिपत्र मागितले जाते. परिणामी वेतन वा कामाच्या तासांविषयी तक्रार असलेल्या शिक्षकाला नोकरी सोडणे कठीण जाते, म्हणून करारातील वेतन, तास, निवासव्यवस्था व विमानभाडे यांविषयीची कलमे स्वाक्षरीपूर्वी तपासणे महत्त्वाचे ठरते. कोरियन कायद्यानुसार एक वर्ष सेवा पूर्ण करणाऱ्या कर्मचाऱ्यास, तो परदेशी असला तरी, साधारणतः एका महिन्याच्या वेतनाइतकी सेवासमाप्ती-रक्कम मिळते.

भारतीय नागरिक

भारत व दक्षिण कोरिया यांच्यात ऑगस्ट २००९ मध्ये सर्वंकष आर्थिक भागीदारी करार झाला व तो १ जानेवारी २०१० पासून अमलात आला. या करारानुसार पदवी व इंग्रजी विषयाची अध्यापन-पात्रता असलेल्या भारतीय नागरिकांना प्राथमिक व माध्यमिक शाळांत इंग्रजीचे साहाय्यक शिक्षक म्हणून ई-२ व्हिसा मिळू शकतो. ही सवलत हागवॉनमधील नोकरीस लागू होत नाही. म्हणजेच सात देशांच्या नागरिकांना कोणत्याही विषयातील पदवी पुरते, तर भारतीयास शिक्षकी पात्रताही सिद्ध करावी लागते.

हेग करार भारतात १४ जुलै २००५ पासून लागू असून अपोस्टिल परराष्ट्र मंत्रालयामार्फत दिले जाते. शैक्षणिक कागदपत्रांचे त्यापूर्वी राज्य पातळीवर साक्षांकन करून घ्यावे लागते. पोलीस पडताळणी प्रमाणपत्र पारपत्र कार्यालयातून मिळते. दक्षिण कोरियाची महावाणिज्य वकिलात मुंबई येथे आहे.

एचआयव्ही चाचणीचा वाद

कोरियात शिकविलेल्या एका कॅनडियन शिक्षकास २००७ साली बालकांच्या लैंगिक शोषणाच्या आरोपावरून थायलंडमध्ये अटक झाली. त्यानंतर दक्षिण कोरियाने ई-२ शिक्षकांसाठी गुन्हे-नोंद तपासणी, अमली पदार्थांची चाचणी व एचआयव्ही चाचणी सक्तीची केली. कोरियन शिक्षकांना, तसेच वेगळ्या व्हिसावर येणाऱ्या कोरियन वंशाच्या परदेशी शिक्षकांना एचआयव्ही चाचणीची सक्ती नव्हती. त्यामुळे ती भेदभावजनक असल्याची टीका झाली.

न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने २००९ मध्ये ही चाचणी पुन्हा करून घेण्यास नकार दिला व तिच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही. तिच्या तक्रारीवर संयुक्त राष्ट्रांच्या वांशिक भेदभाव निर्मूलन समितीने मे २०१५ मध्ये तिच्या बाजूने निर्णय दिला. २०१६ मध्ये कोरियाच्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानेही सक्ती थांबविण्याची शिफारस केली आणि जुलै २०१७ मध्ये ती रद्द झाली. २०१९ मध्ये सोल येथील न्यायालयाने या शिक्षिकेस ३ कोटी वॉन भरपाई देण्याचा आदेश शासनास दिला. गुन्हे-नोंद तपासणी व अमली पदार्थांची चाचणी मात्र त्यानंतरही कायम राहिली.