वीज परत आली तेव्हा

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास पारेषण यंत्रणेत बिघाड होऊन मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. शहराच्या बऱ्याच भागात काही तासांत दिवे आले, काही उपनगरांना मात्र फार वेळ ताटकळावं लागलं. माझी भाची मुलुंडला राहते. टाळेबंदीत तिने खाऱ्या पाण्याची दोन फुटी टाकी मांडली होती आणि टाकीतली प्रत्येक हालचाल ती वहीत टिपून ठेवायची. खालच्या वेळा त्या वहीतल्या आहेत, कारणमीमांसा माझी.

तीन आठवडे आधी
माझ्या मते घड्याळ इथेच सुरू झालं. दगड आणि रेती वजा जाता टाकीत जेमतेम पंचेचाळीस लिटर पाणी. मीठ नीट मोजलेलं, हायड्रोमीटरवर १.०२५. यात तिची काहीच चूक नव्हती. पण चौथ्याच दिवशी दुकानदाराने दोन क्लाउनफिश, एक डॅमसेल आणि एक कोळंबी तिच्या गळ्यात मारली. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू दगडांवर आणि फिल्टरमध्ये स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पाणी काचेसारखं नितळ दिसतं म्हणजे ते तयार झालं, असं मुळीच नाही. दुकानदाराला हे ठाऊक असतं, आणि तो सांगत नाही याचा मला मनापासून राग येतो.

सकाळी १०.०५
पंप थांबला. टाकीखालच्या कपाटातला बंद डब्याचा फिल्टर, म्हणजे कॅनिस्टर, तोही थांबला. पाण्याचा पृष्ठभाग स्थिर झाला. हवेतला प्राणवायू पाण्यात पुरेसा उतरतो तो पृष्ठभाग हलता असला की. वर काचेचं झाकणही तसंच होतं.

११.३०
तापमान २७ अंश. या तापमानाला समुद्राच्या पाण्यात लिटरमागे फार तर साडेसहा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. गोड्या पाण्यात आठच्या आसपास. म्हणजे खाऱ्या टाकीच्या गाठीला मुळातच कमी असतं. डॅमसेल कोपऱ्यात वर सरकला.

१२.४०
मासे वर आलेले पाहून तिच्या धाकट्या भावाला वाटलं, त्यांना भूक लागली असेल. त्याने दोन चिमट्या खाणं टाकलं. माशांनी ते तोंडातही घेतलं नाही. ते दगडांच्या फटीत जाऊन बसलं आणि कुजायला लागलं. वीज नसताना माशांना खायला घालू नये. दिवसभर उपाशी राहून निरोगी मासा मरत नाही.

दुपारी २.१५
ऑक्टोबरचं ऊन, पंखा बंद, पाणी साडेएकोणतीस अंशांवर. कोळंबी आडवी पडली. मध्येच रेंज आली तेव्हा तिचा फोन आला, “मावशी, सगळे वर येऊन तोंड उघडतायत!” मी सांगितलं, झाकण काढ, मग बुडवून पाणी वीतभर उंचावरून ओत, आणि दर दहा मिनिटांनी ओतत राहा. मेलेली कोळंबीही लगेच काढायला लावली. तिने मन लावून सगळं केलं. तासाभरात क्लाउनफिश खाली उतरले. मग तिच्या फोनची बॅटरी संपली.

५.००
वहीत लिहिलंय, “तिघेही बरे.” ते खरंच होतं. मगाने तिने तीन जीव धरून ठेवले होते. पण कॅनिस्टरचं झाकण घट्ट बंद. आतल्या पाण्यात सात तास प्राणवायूचा नवा कण गेला नव्हता. स्पंजावरचे उपयोगी जिवाणू मरत होते. अडकलेला गाळ सडत होता आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटत होता. कपाटाचं दार लावलेलं, त्यामुळे बाहेर कुणाला वासही आला नाही.

७.१०
दिवे आले. इमारतीत टाळ्या आणि आरडाओरडा झाला. बटण चालूच राहिलेलं होतं, त्यामुळे कॅनिस्टर आपोआप सुरू झाला आणि नळीतून चहाच्या रंगाचं पाणी धारेने टाकीत आलं. सडक्या अंड्यांचा वास घरभर पसरला.

७.२५
डॅमसेल गेला.

८.००
अमोनियाच्या चाचणीच्या नळीत पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते गडद हिरवं झालं. समुद्राच्या पाण्यात अमोनिया जास्त घातक ठरतो. पीएच ७ असताना शंभरातला एकही भाग मुक्त, विषारी रूपात नसतो, समुद्राच्या पाण्याच्या ८.२ पीएचला सात-आठ भाग असतात.

८.२०
एक क्लाउनफिश तळाशी, कल्ले रक्तासारखे लाल. तो वाचला नाही. दुसरा तिने जाळीने उचलून बादलीत सोडला. रविवारी पाणी बदलायचं म्हणून कालवून ठेवलेलं पंधरा लिटर खारं पाणी त्या बादलीत होतं आणि ते बदलायचं राहून गेलेलं. त्यात तिने हवेच्या छोट्या पंपाची नळी सोडली.

रात्री ११.००
बादलीतला मासा सरळ पोहत होता. कॅनिस्टर उघडून तिने आतलं पाणी मोरीत ओतलं आणि स्पंज खाऱ्या पाण्यात पिळून धुतला. वीज गेली की प्लग काढायचा, आणि ती आल्यावर पहिलं काम हेच: डबा रिकामा करायचा, मग सुरू करायचा. तिच्या टाकीशेजारी आता बॅटरीवर चालणारा हवेचा पंप असतो, आणि खाऱ्या पाण्याची एक बादली कायम भरलेली.