जुन्या गाडीचा एसी थंड करत नसेल तर : आधी तपासणी, मग खर्च

आपल्या सभासदांपैकी बऱ्याच घरांत दहा-पंधरा वर्षांची गाडी आहे. ऑल्टो, वॅगनआर, सँट्रो, इंडिका अशी. इंजिन ठणठणीत असते, कागदपत्रे चोख असतात, पण मार्च उजाडला की एसी कुरकुरू लागतो. लग्नसराईत वयस्कर आई-वडिलांना घेऊन बेळगाव-कोल्हापूर गाठायचे असते, तेव्हा ही चैनीची बाब राहत नाही. गॅरेजमध्ये बहुधा एकच उत्तर मिळते, "गॅस संपलाय, भरून देतो." पैसे द्यावेत, पंधरा दिवस गारवा मिळावा आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मुळात एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. अनेक वर्षांत रबरी नळ्यांतून थोडा झिरपतो हे खरे, पण एकाच मोसमात कमी झाला तर तो कुठून तरी गळतो आहे. ताळा जुळत नसताना वरून रक्कम टाकून खाते बरोबर करता येत नाही, फरक शोधावाच लागतो. शिवाय एसी थंड न करण्याची निम्मी कारणे तरी गॅसशी संबंधित नसतात.

एसी चालतो कसा

इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो, त्यामुळे तो तापतो. रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरच्या जाळीत पंख्याच्या वाऱ्याने तो निवतो आणि द्रवरूप होतो. ड्रायर त्यातील ओलावा शोषतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून जाताना दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्या द्रवाची वाफ होते. ही वाफ होताना तो कॉइलमधली उष्णता ओढून घेतो. ब्लोअर त्या कॉइलवरून हवा आत सोडतो. यातली एक कडी बिघडली तरी परिणाम एकच दिसतो, हवा गार लागत नाही. म्हणून लक्षणे नीट पाहावी लागतात.

घरच्या घरी पाहण्यासारखे

गाडी मोकळ्या जागी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून उभी करावी. बॉनेट उघडल्यावर पट्टा आणि पंखा यांपासून हात, साडीचा पदर, ओढणी दूर ठेवावी. पंखा कधीही अचानक सुरू होतो.

१. तापमानाची नॉब पूर्ण निळ्या टोकाला आणि हवा आतल्या आत फिरण्याची कळ चालू आहे ना, हे पाहावे. जुन्या गाडीत नॉबची केबल निसटते आणि गार हवेत हीटरची गरम हवा मिसळते.

२. एसीचे बटण दाबल्यावर "टक्" असा आवाज येऊन कॉम्प्रेसरच्या पुलीपुढची चकती फिरू लागली पाहिजे. पुली फिरते पण चकती स्थिर, याचा अर्थ क्लच लागत नाही.

३. बहुतेक छोट्या गाड्यांत एसी लावल्यावर थोड्याच वेळात कंडेन्सरचा पंखा सुरू होतो. तो फिरतो का, ते पाहावे.

४. दहा मिनिटांनी इंजिन बंद करून एसीच्या नळ्यांना जपून हात लावावा. जाड नळी गार आणि घामेजलेली हवी. बारीक नळी गरम असते, तिला बोट टेकवण्याआधी अंदाज घ्यावा.

५. साधा डिजिटल थर्मामीटर मधल्या झडपेत ठेवावा. बाहेर ३५ अंश असताना दहा मिनिटांनी आत येणारी हवा १० अंशांच्या आसपास असेल तर जुन्या गाडीसाठी उत्तम.

लक्षणावरून कारण

*हवाच कमी येते.* ब्लोअर फक्त सर्वात मोठ्या वेगावर चालत असेल तर त्याचा रेझिस्टर गेला आहे. सर्वच वेगांवर हवा कमी असेल तर केबिन फिल्टर तुंबला आहे. ज्या गाड्यांना हा फिल्टर नाही त्यांत धूळ थेट कूलिंग कॉइलवर बसते. नवलगुंद-अण्णिगेरीकडच्या काळ्या मातीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्यांनी हे आधी पाहावे.

*सुरुवातीला गार, अर्ध्या तासाने हवाच येईनाशी होते, एसी बंद ठेवल्यावर पुन्हा येते.* कॉइलवर बर्फ जमतो आहे. तापमान बघून कॉम्प्रेसर थांबवणारा थर्मोस्टॅट किंवा सेन्सर तपासावा.

*चालत्या गाडीत गार, चन्नम्मा सर्कलच्या सिग्नलला थांबल्यावर कोमट.* कंडेन्सरचा पंखा बंद आहे किंवा जाळी माती-किड्यांनी भरली आहे. सोबत इंजिनच्या तापमानाचा काटाही चढत असेल तर गाडी तशीच दामटू नये. जाळी पाण्याच्या साध्या धारेने धुवावी, जोराच्या फवाऱ्याने पाती दुमडतात.

*क्लच लागतच नाही.* आधी फ्यूज आणि रिले. ते ठीक असतील तर प्रेशर स्विच. गॅस फार कमी झाल्यावर कॉम्प्रेसर वाचवण्यासाठी हाच स्विच वीज तोडतो, म्हणून वायर जोडून क्लच जबरदस्तीने चालवू देऊ नये. गॅसबरोबर फिरणारे तेल न मिळाल्याने कॉम्प्रेसर जाम होतो.

*गाडी थंड असताना चालतो, तापल्यावर क्लच सुटतो.* चकती झिजून फट वाढलेली असते. अनेकदा फट जुळवून काम भागते, पूर्ण कॉम्प्रेसर बदलावा लागत नाही.

*पायाशी पाणी.* कॉइलचे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली आहे. गाडीखाली पाणी ठिबकणे मात्र चांगले लक्षण आहे.

*कुबट वास.* ओल्या कॉइलवर बुरशी धरते. पोहोचण्यापूर्वी पाच मिनिटे एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवावा.

गॅरेजमध्ये काय मागावे

दोन गेज लावून दाब दाखवायला सांगावे. आर-१३४ए गॅसच्या गाडीत, बाहेर ३०-३५ अंश असताना आणि एसी चालू असताना, कमी दाबाच्या बाजूला साधारण २५ ते ४० आणि जास्त दाबाच्या बाजूला १५० ते २५० पीएसआय दिसतात. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर कंडेन्सर निवत नाही किंवा गॅस जादा भरला आहे. कमी बाजू जास्त आणि जास्त बाजू कमी दिसली तर कॉम्प्रेसर थकला आहे. गाडी बंद असताना दिसणाऱ्या दाबावर भरवसा ठेवू नये. आत थोडा द्रव शिल्लक असला तरी ३० अंशाला दाब सुमारे ९७ पीएसआयच दिसतो, मग गॅस अर्धा असो की पूर्ण.

गॅस कमी निघाला तर क्रम असा हवा. गळती शोधणे, दुरुस्ती, व्हॅक्यूम, मग वजन करून गॅस. गळतीच्या जागी तेलकट डाग दिसतो. साबणाचे पाणी, रंगद्रव्य किंवा नायट्रोजनचा दाब यांनी ती पक्की करता येते. सांध्यांच्या रबरी रिंगा, कॉम्प्रेसरच्या शाफ्टचे सील, दगड लागलेला कंडेन्सर आणि कूलिंग कॉइल या नेहमीच्या जागा. नळ्या उघडल्या की ड्रायर बदलावा. व्हॅक्यूम किमान अर्धा तास द्यावा आणि पंप बंद केल्यावर काटा टिकतो का ते पाहावे. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅममध्ये वजन छापलेले असते. तेवढाच भरावा. जादा गॅसने गारवा वाढत नाही, उलट कमी होतो.

गॅस कोणता

नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या गाड्यांत आर-१२ असे. तो ओझोनच्या थराला मारक असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद झाला. भारत या करारात १९९२ मध्ये सामील झाला. नंतर आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवेत सोडला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. म्हणून गळकी गाडी दरवर्षी भरणे हे खिशाला आणि हवेला, दोन्हींना महाग आहे. दोन्ही गॅसची तेले वेगळी, त्यामुळे मिसळ करू नये. स्वस्त म्हणून स्वयंपाकाच्या गॅससारखा ज्वालाग्राही गॅस कोणी भरत असेल तर ठाम नकार द्यावा. कॉइल आपल्या डॅशबोर्डमागेच असते.

खर्च किती करावा

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढते. फ्यूज, रिले, पंखा, रिंगा, क्लचची फट ही कामे कोणत्याही वयाच्या गाडीत करावीत. कॉम्प्रेसर किंवा डॅशबोर्ड उतरवून कॉइल बदलायची असेल तर नोंदणी किती वर्षे उरली, इंजिन-पत्रा कसा आहे, हे आधी पाहावे. दोन गॅरेजांचे अंदाज लेखी घ्यावेत.

नेहमीची काळजी

पावसाळ्यात आणि थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा. त्यामुळे तेल फिरते, शाफ्टचे सील सुकत नाही. पावसात काचेवरची वाफही जाते. अंकोल्याहून परतताना अरबैल घाट चढताना इंजिनचा काटा वर गेला तर एसी बंद करावा.

बंद गॅरेजमध्ये किंवा उभ्या गाडीत एसी लावून झोपू नये. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड बिनवासाचा असतो आणि प्राण घेतो. लहान मुलांना आणि वृद्धांना "दोन मिनिटांत येतो" म्हणून उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नये, मग एसी कितीही चांगला असो.

गाडीच्या कागदांत एक छोटी वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, कोणता भाग बदलला, किती ग्रॅम गॅस भरला, दोन्ही गेजचे आकडे, एवढे लिहिले तरी पुढच्या मार्चमध्ये मेकॅनिकला कुठून सुरुवात करायची ते कळते.