मुंगी, मधुमेह आणि नंदुरबार

मधुमेहाची चाहूल मनुष्याच्या आधीं मुंगीस लागली, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं. प्रमेहाच्या पूर्वरूपांत चरकसंहितेनें घशाची कोरड, तहान, आळस, हातापायांची बधिरता व दाह सांगून, रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात हेंही नमूद केलें आहे. वारंवार लघवी, अकारण घटणारें वजन, अंधुक दृष्टि व लवकर न भरणारी जखम एवढीं लक्षणें त्यांत घातलीं, कीं आजचेंही काम भागतें.

१७७६ सालीं मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज डॉक्टरानें मूत्र आटवून त्यांतील साखर दाखविली. पुढें परीक्षा रक्तावर आली. तेहरानचे सॅम्युएल रहबर हीमोग्लोबिनचे सदोष प्रकार धुंडाळीत असतां १९६८ सालीं मधुमेह्यांच्या रक्तांतील एक निराळें हीमोग्लोबिन त्यांनीं प्रसिद्ध केलें. दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी चांचणी त्यांतूनच निघाली.

नंदुरबारांत मात्र तिच्यावर सर्वस्वीं विसंबतां येत नाहीं. १९९८ सालीं धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या सातपुड्याच्या जिल्ह्यांत, भिल्ल व पावरा समाजांत, सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष पुष्कळ आढळतो. अशा रोग्याच्या तांबड्या पेशी लवकर मरतात, साखर चिकटावयास अवधि उरत नाहीं, व आकडा फसवा, कमी येतो. सदोष हीमोग्लोबिनच्या शोधांत सांपडलेल्या चांचणीस तेंच हीमोग्लोबिन चकवितें !

म्हणून तेथें उपाशीपोटींची रक्तशर्कराच पाहावी. १०० मिलिलिटरांस १२६ मिलिग्रॅम वा अधिक, असें दोनदां आल्यास तो मधुमेह होय. तिशी उलटलेल्यानें लक्षणांची वाट पाहूं नये. तहान व लघवी वाढून वजन उतरूं लागल्यास मात्र वय न विचारतां, त्याच दिवशीं तपासणी करावी.