ओल्या फडक्याची वंशावळ

मे महिन्याच्या दुपारी दिल्लीच्या सिग्नलवर अँबॅसडर बंद पडली, की ड्रायव्हर आधी बॉनेट उघडायचा आणि मग पाण्याची बाटली शोधायचा. पाणी रेडिएटरसाठी नसायचं. इंजिनाच्या कुशीला लावलेल्या छोट्या पेट्रोल पंपावर एक चिंधी गुंडाळलेली असे, ती भिजवायची असे. थोडा वेळ थांबायचं, पंपाची हातकळ चार-सहा वेळा दाबायची, सेल्फ मारायचा. खासदारांच्या पांढऱ्या गाड्या असोत की काळ्या-पिवळ्या टॅक्स्या, उपचार एकच.

दुखण्याचं नाव व्हेपर लॉक. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण असतं आणि त्यातले हलके घटक 35-40 अंशांनाच उकळायला लागतात. सफदरजंग वेधशाळेत 29 मे 1944 रोजी 47.2 अंश तापमान नोंदलं गेलं होतं, आणि ते सावलीतलं. बॉनेटखालची गोष्टच सोडा. पंप द्रव ढकलण्यासाठी केलेला असतो. त्यात वाफ शिरली की आतला पडदा हलत राहतो, वाफ दबते आणि फुलते, पुढे काहीच सरकत नाही. त्यातून टाकी मागे आणि पंप पुढे. पंप ओढतो तेव्हा नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल आणखी लवकर उकळतं.

ही पीडा मोटारीला जन्मतः नव्हती. फोर्डच्या मॉडेल टीची टाकी सीटखाली असे, पेट्रोल उतारानेच कार्बोरेटरात यायचं. चढ फार उभा असला तर गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवावी लागे, एवढाच त्रास. मग ऑटोव्हॅक आला: इंजिनाच्या ओढीने भरणारी एक छोटी टाकी बॉनेटखाली उंचावर, तिथून पुन्हा उतारच. 1920 च्या दशकाच्या अखेरीस कॅमशाफ्टवर चालणारा पडद्याचा पंप आला. स्वस्त आणि आटोपशीर, पण बसवला इंजिनाच्याच अंगावर, म्हणजे गाडीतल्या सगळ्यात तापलेल्या जागी. माझ्या मते दिल्लीकरांच्या त्रासाचं मूळ उन्हाइतकंच या सोयीत आहे. ऑक्सफर्डजवळच्या काउलीत घडलेली मॉरिस ऑक्सफर्ड बंगालमधल्या उत्तरपाड्यात अँबॅसडर झाली, तूरिनची फियाट 1100 वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून कुर्ल्याची झाली. दोन्हींचा पिंड थंड हवेतला. फडकं मात्र इथलं, कुठल्याही इंजिनियरच्या सहीशिवाय लागलेलं.

त्याची भावकी वाळ्याच्या ताट्यांशी आणि डेझर्ट कूलरशी. पाणी सुकताना उष्णता घेऊन जातं, आणि मे-जूनची लू इतकी कोरडी असते की भिजवलेली चिंधी बघता बघता गार पडते. जुलैत हवा दमट झाली की तीच चिंधी निम्मीही कामाची राहत नाही. मुंबईच्या फियाट टॅक्सीवाल्याला तिचा दिल्लीइतका गुण का येत नसे, याचं उत्तर इथेच आहे.

1960-70 च्या दशकांत युरोपातून इराण-अफगाणिस्तानमार्गे दिल्लीपर्यंत फोक्सवॅगनच्या कॅम्पर व्हॅन यायच्या, आत बिछाना-चूल थाटलेल्या. त्यांचं इंजिन मागे, हवेने थंड होणारं, पंप पुन्हा त्याच्याच अंगावर. वजन भरपूर, वेग कमी, वारा मागून; म्हणजे वाफेला आमंत्रणच. 1979 च्या इराणमधल्या क्रांतीने आणि त्याच वर्षाअखेरच्या अफगाण युद्धाने तो रस्ताच बंद झाला.

चांगला मिस्त्री मात्र आधी फडकं ओलं करत नसे. कार्बोरेटरची नळी काढून तिचं तोंड बाटलीत धरायचं, हातकळ मारायची. भरीव धार आली तर पुरवठा ठीक. मग संशय इग्निशन कॉइलवर किंवा कंडेन्सरवर, कारण तेही तापल्यावर दगा देतात आणि निवल्यावर साळसूद होतात. फेसाळ, तुटक धार आली तर वाफ, किंवा टाकीकडून येणाऱ्या नळीला बारीक छिद्र, जिथून हवा आत ओढली जाते. हा फरक सकाळी कळतो: थंड इंजिनातही फेस येत असेल तर छिद्र. धारच नसेल तर तुंबलेला फिल्टर किंवा फाटलेला पडदा. आणखी एक फसवं दुखणं आहे. गाडी पाच मिनिटं उभी केली, पुन्हा लागत नाही आणि पेट्रोलचा वास येतोय, तर कार्बोरेटरातलं पेट्रोल उकळून इंजिनात सांडलेलं असतं. इथे पेट्रोल कमी नाही, जास्त झालंय. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. फडक्याचा काही उपयोग नाही.

सरकारदरबारीही या वाफेची नोंद होती. पेट्रोलच्या आयएस 2796 या भारतीय मानकात व्हेपर लॉक इंडेक्स नावाची मर्यादा घातलेली आहे. बीएस-3, बीएस-4 या प्रदूषण-मानकांच्या काळात ती उन्हाळ्यासाठी 750 आणि एरवी 950 होती. म्हणजे रिफायनरीने उन्हाळ्याचं पेट्रोल कमी उडणारं द्यायचं.

रोग हटला तो भलत्याच कारणाने. डिसेंबर 1983 मध्ये गुडगावहून आलेल्या मारुती 800 ला जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी होती, त्यामुळे पेट्रोल फिरतं राहायचं. पण खरा घाव वकील एम. सी. मेहता यांच्या प्रदूषणाच्या खटल्यात बसला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 1999 मध्ये राजधानी क्षेत्रासाठी युरो-1 आणि 1 एप्रिल 2000 पासून युरो-2 हे धुराचं मानक बंधनकारक केलं. कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं, आणि त्याच्याबरोबर पंप टाकीच्या पोटात गेला. आता तो ओढत नाही, सुमारे तीन बार दाबाने ढकलतो. दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही. न्यायाधीशांसमोर प्रश्न धुराचा होता, फडकं फुकटात सुटलं. टॅक्स्यांत तर सीएनजी आला: ज्या वायूने इतकी वर्षं गाड्या अडवल्या, तोच इंधन होऊन बसला.

दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने 2014 मध्ये बंदी घातली. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. त्या बाहेर निघतात प्रामुख्याने थंडीत. 1964 पासूनची स्टेट्समन रॅलीही शक्यतो कडक ऊन टाळूनच होते. तरी मालकांना नवी काळजी आहे इथेनॉलची. एकटं इथेनॉल फारसं उडत नाही, पण पेट्रोलमध्ये दहा टक्के मिसळलं की मिश्रणाचा बाष्पदाब मूळ पेट्रोलपेक्षा वाढतो. वीस टक्क्यांना ती वाढ थोडी ओसरते, पण जात नाही. शिवाय जुन्या पंपाचं रबर त्याने फुगतं. म्हणून बरेच जण इथेनॉल सोसणारा पडदा घालतात आणि टाकीजवळ छोटा इलेक्ट्रिक पंप बसवतात. असा पंप लावताना इंजिन बंद पडताच त्याची वीज तोडणारा स्विच हवाच. नाहीतर अपघातात नळी तुटली तरी पंप पेट्रोल ओतत राहतो.