उंच सेंटरसमोर चपळ पंचक

बास्केटबॉलची कडी जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असते. उंच खेळाडूचे या खेळातील महत्त्व या एका आकड्यातून स्पष्ट होते. सेंटरच्या जागी उंचापुरा खेळाडू न घेता पाचही जण चपळ व नेमबाज उतरविण्याच्या पद्धतीला 'स्मॉल बॉल' म्हणतात. परभणीसारख्या जिल्ह्यातील संघांच्या दृष्टीने ती अनेकदा गरजच ठरते. सेलू किंवा जिंतूरच्या शाळेला साडेसहा फुटांचा मुलगा क्वचितच मिळेल. विभागीय स्पर्धेत मात्र तो प्रतिस्पर्धी म्हणून समोर उभा ठाकू शकतो.

बचाव

कडीजवळ चेंडू हाती आलेल्या उंच खेळाडूला रोखणे कठीण असते. त्यामुळे चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचू न देणे, हाच खरा बचाव होय. एक जण त्याच्या पुढे उभा राहतो, डोक्यावरून येणाऱ्या पाससाठी दुसरा मागे सज्ज असतो आणि पास देणाऱ्या गार्डवर तिसरा दबाव ठेवतो. कबड्डीतील साखळीप्रमाणे येथेही एकाची चूक सर्वांना भोवते. आक्रमकाला कडीखालच्या चौकटीत सलग तीन सेकंदांहून अधिक काळ थांबता येत नाही, हा नियम बचावाच्या पथ्यावर पडतो. रिबाउंडसाठी उडीपेक्षा प्रतिस्पर्ध्याला पाठीने अडवून कडीपासून दूर ठेवणे महत्त्वाचे. पाच फाउल झाल्यावर खेळाडू बाद होत असल्याने धसमुसळेपणा मात्र परवडत नाही.

आक्रमण

उंच सेंटरला कडीपासून दूर खेचणे, हे आक्रमणाचे सूत्र. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर असते. कडीजवळून १०० पैकी ५० प्रयत्न यशस्वी झाल्यास १०० गुण होतात. रेषेबाहेरून ३४ यशस्वी झाले तरी १०२ होतात. नेमबाजाला अडविण्यासाठी सेंटर बाहेर आला, की कडीखालची जागा मोकळी होते.

दोन उदाहरणे

'एनबीए'च्या २०१५ च्या अंतिम मालिकेत १-२ असे पिछाडीवर असलेल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सने चौथ्या सामन्यात सात फुटी अँड्र्यू बोगटऐवजी साडेसहा फुटी आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीपासून उतरविले. क्लीव्हलँडचा उंच सेंटर तिमोफेय मोझगोव्ह याने त्या सामन्यात २८ गुण मिळविले. तरीही वॉरियर्सने १०३-८२ अशी बाजी मारली आणि पुढे मालिकाही ४-२ अशी जिंकली.

ह्यूस्टन रॉकेट्सचा अनुभव नेमका उलटा. क्लिंट कॅपेला या सेंटरला सोडून २०२० मध्ये हा संघ जवळपास पूर्णतः स्मॉल बॉलवर विसंबला आणि लेकर्सकडून १-४ असा पराभूत झाला. लेकर्सचा अँथनी डेव्हिस उंच तर होताच, शिवाय बाहेर येऊन बचाव करण्याइतका चपळही होता.

उंचीला वेगाने उत्तर देता येते, ते समोरचा उंच खेळाडू संथ असेल तोपर्यंतच. म्हणूनच ठेंगण्या संघाच्या सरावात पहिला मान दूरच्या नेमबाजीला आणि परस्परांना मदत करणाऱ्या बचावाला द्यावा लागतो.