मत्स्यबीजातील वाकडा कणा: आनुवंशिक कारणे व उपाय

बोटुकलीत कणा वाकलेले, शेपूट आखूड असलेले किंवा कल्ल्यांचे झाकण अर्धवट असलेले मासे दिसतात का? असे मासे हळू वाढतात आणि बाजारात त्यांना भाव मिळत नाही.

कारण कसे ओळखाल?
खाद्यात क जीवनसत्त्व किंवा स्फुरद कमी पडल्यास, तसेच अंडी उबवताना पाणी जास्त तापल्यासही कणा वाकतो. आधी हे तपासा. खाद्य आणि उबवणी योग्य असूनही त्याच प्रजनकांचे बीज दर हंगामात सदोष निघत असेल, तर दोष आनुवंशिक असण्याची शक्यता मोठी.

असे का होते?
रोहू, कटल्याची एक मादी लाखो अंडी देते. त्यामुळे मोजक्या जोड्यांवर केंद्राची गरज भागते आणि त्यांचीच पिल्ले पुढे प्रजनक होतात. भावंडांच्या मीलनातून दबलेली सदोष जनुके एकत्र येतात. ५ नर व ५ माद्या वापरल्यास अंतःप्रजनन दर पिढीला सुमारे ५ टक्क्यांनी वाढते. ५० नर व ५० माद्या असल्यास केवळ अर्ध्या टक्क्याने.

उपाय
• व्यंग असलेला मासा प्रजनक म्हणून ठेवू नका.
• नर आणि माद्या वेगवेगळ्या ठिकाणांहून आणा.
• प्रजनकांची नोंदवही ठेवा.
• सुधारित वाणाचे बीज घ्या. भुवनेश्वरच्या ‘सीफा’ संस्थेने ‘जयंती रोहू’ वेगवेगळ्या नद्यांतील रोहूंच्या संकरातून व निवडीतून तयार केला आहे.

बीज घेताना मूठभर बोटुकली पांढऱ्या ताटलीत घेऊन पाहा. वाकडे कणे लगेच दिसतात.