पंचगंगेकाठचे ‘मँचेस्टर’

इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणण्याची प्रथा रूढ असली, तरी तौलनिक अभ्यासकाने ही उपमा जपूनच वापरावी. मँचेस्टर वाढले ते वाफेवर चालणाऱ्या प्रचंड गिरण्यांमुळे. एलिझाबेथ गॅस्केल यांच्या ‘मेरी बार्टन’ (१८४८) या कादंबरीतील मालक-मजूर संघर्ष त्याच रचनेतून उद्भवतो. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला, तो जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने. पुढे माग पसरले ते मुख्यतः गल्लोगल्लीच्या लहान कारखान्यांतून. याच घोरपड्यांनी १९१३ साली इंग्लंड पाहिले आणि त्या प्रवासावर इंग्रजीत पुस्तक लिहिले; समकालीन मराठी प्रवासवर्णनांशेजारी ठेवून ते वाचण्याजोगे आहे.

नदीचा संबंध येथे मागांपेक्षा कापडावरील प्रक्रियेशी अधिक. धुलाई-रंगाईचे सांडपाणी पंचगंगेत मिसळत गेले, शहराच्या मैल्याचीही त्यात भर पडली, आणि नदीकाठच्या या शहराला पिण्यासाठी कृष्णेचे पाणी आणावे लागले. खरे साम्य शोधायचे तर ते येथे आहे: मँचेस्टरमधील अर्क नदीच्या काळ्या, दुर्गंधीयुक्त प्रवाहाचे वर्णन फ्रीड्रिश एंगल्स यांनी १८४५ मध्येच केले होते.